महाबळेश्वर तालुक्यात सीझन सोडून लोक नेमके जगतात कशावर?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव महाबळेश्वर तालुक्यात. हे सांगितलं की ऑफिसात लगेच "काय राव, मजा आहे तुमची, स्ट्रॉबेरी आणा की" सुरू होतं. आता प्रत्येकाला कुठे सांगत बसू की आमचं गाव त्या वरच्या महाबळेश्वरात नाही, ते खाली तापोळ्याला उतरून कोयनेचं पाणी ओलांडून पलीकडे कांदाटी खोऱ्यात आहे, आणि लहानपणी मी स्ट्रॉबेरी पहिल्यांदा खाल्ली ती वाशीच्या मार्केटात. बाबा तिथेच माथाडी होते, आता रिटायर. आम्ही कोपरखैरण्यात वाढलो. गावाला दोन एकरभर जमीन आहे, त्यात एक भाताचं खाचर, बाकी सगळं वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, पूर्वी आजोबा नाचणी-वरई करायचे, आता तिथे कारवीची झुडपं आणि डुकरं. चांगली जमीन धरणात गेली तेव्हाच, १९६४ च्या आधी.

मी ३४ वर्षांचा, लॉजिस्टिक्समध्ये नोकरी, कंटाळलोय. बायको म्हणते गावाला काहीतरी करू. बाबा म्हणतात गावाला काही होत असतं तर मी पाठीवर पोती कशाला वाहिली असती. दोघांचंही पटतं, हाच प्रॉब्लेम आहे.

तर प्रश्न असा, की या तालुक्यात पैसा खरोखर कशातून येतो? यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येक जण स्ट्रॉबेरीतून लाखो कमावतोय नाहीतर होमस्टे काढतोय. जे तिथे राहतात आणि वर्षभर घर चालवतात अशांनी सांगावं. स्ट्रॉबेरी, होमस्टे, मधमाशा असे तीन पर्याय डोक्यात आहेत. चौथा पर्याय जमीन विकायचा, पण तो बाबा जिवंत असेपर्यंत नाही.

भिलारकडचा_गडी

दादा धागा चांगला काढलास. माझी स्ट्रॉबेरी आहे, भिलारजवळ, तीस गुंठे स्वतःची आणि अर्धा एकर खंडाने घेतलेली, त्यामुळे जे बोलतो ते हात काळे करून बोलतोय.

पहिली गोष्ट, स्ट्रॉबेरीत पैसा आहे हे खोटं नाही. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी, ८५ टक्के म्हणतात, ती आमच्या महाबळेश्वर-पाचगणी-वाई पट्ट्यातली, २०१० ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. आमच्या गावातली स्लॅबची घरं बघ, सगळी या फळावर उभी आहेत. माझ्या आज्याच्या वेळी इथे बटाटा, गाजर, घेवडा आणि गहू होता. पण यूट्यूबवाला तुला फक्त फळ दाखवतो, रोप दाखवत नाही.

रोपाचं ऐक. मदर प्लांट बाहेरच्या देशातून येतात, अमेरिका, इटली, स्पेन वगैरे, विंटर डॉन, स्वीट चार्ली, कामारोजा, आता नाभिला पण भरपूर आहे. ते नर्सरीत लावायचे, त्याला रनर, म्हणजे आडवे फुटवे सुटतात, त्या रनरची पिशवीत रोपं करायची. वर पाऊस साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, त्यात रोप कुजतं, म्हणून बऱ्याच जणांची नर्सरी घाट उतरून वाईकडे. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरला लागण. गादीवाफा, ठिबक, वर मल्चिंग पेपर, पेपरला भोकं पाडून एकेक रोप. एकराला २२-२४ हजार रोपं बसतात. आता तूच गुणाकार कर, रोप, पेपर, ठिबक, शेणखत, मजुरी. म्हणजे एक फळ हातात यायच्या आधी लाखोंचा खड्डा पडलेला असतो, आणि तो खड्डा पावसाळ्यात पडतो, जेव्हा घरात एक रुपया येत नाही.

मग नोव्हेंबर-डिसेंबरला फळ चालू. पहाटे तोडणी, कारण ऊन चढलं की फळ नरम पडतं. देठासकट खुडायचं, नखाने, फळाला बोट दाबायचं नाही. बाया इतक्या तरबेज आहेत की हात बघत राहावं. शेडमध्ये आणून ग्रेडिंग, मोठं फळ वेगळं, मध्यम वेगळं, वाकडं-डागी वेगळं. पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यात भरायचं, आठ पनेटचा दोन किलोचा बॉक्स, संध्याकाळी टेम्पो, रात्री पुणे नाहीतर वाशी. (तुझे बाबा वाशीत होते म्हणजे कदाचित आमचाच बॉक्स त्यांनी उतरवला असेल, गंमत बघ.) सुरुवातीच्या मालाला भाव चांगला, फेब्रुवारीनंतर सगळ्यांचाच माल एकदम येतो आणि भाव घसरतो. मग उरलेलं फळ प्रोसेसिंगला, म्हणजे जॅम, क्रश, पल्प. तिथे भाव टेबलफ्रूटच्या, म्हणजे थेट खायच्या फळाच्या निम्म्याखाली, पण उचल तरी होते. लोक कंपन्यांना शिव्या देतात, मी पण देतो अधूनमधून, पण मॅप्रो १९५९ पासून पाचगणीत आहे आणि ही प्रोसेसिंगवाली मंडळी नसती तर मार्च-एप्रिलचा माल आम्ही गुरांना घातला असता. मार्च २०२० ला गुरांना घातलाच होता. ऐन भरात बाग, लॉकडाऊन, टुरिस्ट शून्य, टेम्पो बंद. माझी बायको बांधावर बसून रडली होती, मी तेव्हा तिला ओरडलो, आता वाईट वाटतं.

आणि अवकाळी. ऑक्टोबरला लागण झाल्यावर चार दिवस जोरात पडला की मर लागते, रोपं बसतात, पुन्हा लागण. डिसेंबरात पडला तर फळाला बुरशी. एक साल कमावतो, एक साल बरोबरीत, एक साल गमावतो, असा हिशोब धर.

तुझ्यासाठी म्हणून सांगतो, खाली पाण्याकाठी आमच्या वरच्यासारखी थंडी टिकत नाही. लावतात काही जण तापोळ्याकडे, नाही असं नाही. पण पलीकडून तराफ्यावर माल चढवून, मग घाट चढून, मग पुन्हा पसरणी घाट उतरून वाशीला नेईपर्यंत तुझ्या फळाचं जॅम वाटेतच होईल. रागावू नको.

पाचगणी_टॅक्सी

गड्याने स्ट्रॉबेरीचं बरोबर सांगितलं, मी टुरिझमचं सांगतो. वीस वर्षं पॉइंट मारतोय.

सीझन म्हणजे दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे. मधले शनिवार-रविवार. बाकी वेळ आम्ही स्टँडवर गाड्या पुसत बसतो. पूर्वी जून ते सप्टेंबर महाबळेश्वर झापा घालून बंद व्हायचं, अक्षरशः, दुकानांना आणि बंगल्यांना गवताच्या झडी बांधायचे पावसापासून. आता पोरं पावसात भिजायला येतात पण स्वतःच्या गाडीने येतात, टॅक्सी घेत नाहीत, कणीस खातात, फोटो काढतात, संध्याकाळी परत. गर्दी वाढली म्हणून धंदा वाढला असं समजू नका. वेण्णा लेकवर गाड्यांची रांग दोन तास हलत नाही, मी त्या दोन तासात एक फेरी मारली असती.

पैसा कुठे राहतो ते बघा. मोठी हॉटेलं बाहेरच्यांची, स्टाफही बराचसा बाहेरचा. गावच्या माणसाकडे काय, तर टॅक्सी, घोडा, कणसाची गाडी, चणे-चिक्कीचं दुकान, चपलांचं दुकान, दोन खोल्या भाड्याने. घोडेवाल्याला विचारा, पावसाळ्यात त्याचा घोडा त्याच्यापेक्षा जास्त खातो.

एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही, पाचगणीच्या बोर्डिंग शाळा. शंभर वर्षांवरच्या शाळा आहेत इथे. टुरिस्ट येवो न येवो, जून ते मार्च पोरं जेवणारच. दूध, भाजी, पाव, धोबी, ड्रायव्हर, स्वयंपाकी, मॅट्रन, वॉचमन. माझी बहीण एका शाळेच्या मेसमध्ये आहे, पगार माझ्यापेक्षा कमी पण महिन्याला येतो, आणि आमच्या घरात जुलैचा किराणा तिच्या पगारावर भरतो हे मी इथे लिहितोय, घरी बोलणार नाही.

इतिहासखोर

थोडं अवांतर. हे गाव मुळातच हवा खायला येणाऱ्यांसाठी बसवलेलं आहे हे विसरून चालणार नाही. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी ही जागा वाईजवळचं खंडाळा गाव देऊन बदल्यात घेतली, गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या नावाने माल्कमपेठ वसवली. मग उन्हाळ्यात अख्खं मुंबई सरकार वर यायचं आणि पावसाआधी खाली जायचं. म्हणजे 'सीझन' ही भानगड टुरिस्टांनी आणली नाही, ती साहेबाने आणली, तेव्हाही दोन-तीन महिनेच बाजार गरम.

भाजीपाल्याचं पण तसंच. इथे तुरुंग होता, त्यात चिनी कैदी ठेवलेले, ते मळे करायचे, साहेबांच्या टेबलासाठी विलायती भाज्या पिकवायचे. चायनामन फॉल हे नाव त्यावरूनच. आणि गव्हाच्या तांबेऱ्यावर, म्हणजे गेरव्यावर काम करणारं संशोधन केंद्रही महाबळेश्वरात आहे, बहुतेक टुरिस्ट त्याच्या शेजारून जातात आणि त्यांना पत्ता नसतो.

पाचगणी_टॅक्सी

@इतिहासखोर चायनामन फॉलवर टुरिस्ट मला विचारतात इथे चायनीज मिळतं का. आता तुमचं हे सांगेन.

मेढ्याची_लेक

मी एका पतसंस्थेत काउंटरवर आहे, कुठली ते विचारू नका. आमच्याकडे जावळी आणि महाबळेश्वर दोन्हीकडचे खातेदार आहेत, त्यामुळे मला पैसा येताना आणि जाताना दोन्ही वेळा दिसतो.

तुम्हाला तालुक्याचं अर्थकारण बघायचं ना, तर सोनेतारणाचं रजिस्टर बघा. जूनपासून सोनं आत यायला लागतं. आधी पोरांच्या शाळा-कॉलेजच्या फीसाठी, मग ऑगस्ट-सप्टेंबरला एकदम रांग, ती स्ट्रॉबेरीच्या रोपांची आणि मल्चिंग पेपरची. जानेवारी-फेब्रुवारीत सोनं बाहेर जायला लागतं. मे महिन्यात लग्नं आणि जत्रा, तेव्हा सगळं अंगावर. पुन्हा जून. एक काकू आहेत, मी लागले तेव्हापासून दरवर्षी तीच बोरमाळ आणि त्याच दोन पाटल्या घेऊन येतात. पहिल्या वर्षी मी वजन करून सांगितलं, आता त्याच मला वजन सांगतात आणि काट्यावर तेवढंच भरतं. मागे एकदा म्हणाल्या, "बाई, ही माळ माझ्यापेक्षा तुमच्या तिजोरीत जास्त ऱ्हायली." मी हसले पण खरं तर तसंच आहे. आणि ज्या वर्षी अवकाळी झाला त्या वर्षी फेब्रुवारीत त्या आल्याच नाहीत, नुसतं व्याज भरून रिन्यू केलं.

दुसरं म्हणजे मुंबई. दादा, तुम्ही तीन पर्याय लिहिलेत पण कोयनेकाठच्या गावांचा मुख्य उद्योग तुमचे बाबाच होते की. माफ करा, वाईट अर्थाने नाही. आधी गिरण्या, गिरण्या गेल्यावर मार्केट, गोदी, माथाडी, आता सिक्युरिटी आणि डिलिव्हरी. पूर्वी पोस्टात मनीऑर्डर यायची, आता फोनवर टुणकन येतो मेसेज. गावात साठीच्या वरचे आणि दहाच्या खालचे, मधले सगळे घणसोली, कोपरखैरणे, भांडुप. चैत्र-वैशाखात जत्रेला आले की आठवडाभर एटीएमपुढे रांग, मशीनमधले पैसे संपतात, आठवडा संपला की परत सामसूम. मंदिराचा कळस, सभामंडप, पाण्याची टाकी, सगळ्यावर "मुंबई मंडळाच्या सौजन्याने".

होमस्टेबद्दल सांगते कारण तेही कर्ज आमच्याकडेच येतं. तापोळ्याला, बामणोलीला बोटिंगमुळे चालतात काही. पण मे महिन्यात पाणी खाली गेलं की बोट धक्क्यापासून लांब जाते, मधे नुसता चिखल, मग टुरिस्ट नाक मुरडतो. आणि पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही, जुलै २०२१ ला घाट तुटले तेव्हा पलीकडच्या गावांचा किती दिवस संपर्क नव्हता ते तुम्हाला माहीत असेलच. हप्ता मात्र पावसाळ्यातही असतो. होमस्टे काढायचाच तर कर्ज न काढता, आहे त्या घराच्या दोन खोल्या आणि एक चांगला संडास, एवढ्यावर सुरू करा. संडासावर खर्च करा, गॅलरीवर नको.

उगाच_बोलणारा

एवढं कशाला डोकं लावता. सरकारचं 'नवीन महाबळेश्वर' गिरिस्थान होतंय, सातारा-पाटण-जावळीकडची शेकडो गावं घेतलीयत प्लॅनमध्ये रस्ते विकास महामंडळवाल्यांनी. तुमच्या त्या कारवीच्या रानाला सोन्याचा भाव येईल. थांबा आणि विका. नाहीतर पुण्याच्या कोणाला तरी आत्ताच द्या आणि एफडी करा. शेती-बिती सगळा रोमान्स आहे.

भिलारकडचा_गडी

@उगाच_बोलणारा तुमचं नाव बरोबर ठेवलंय. आमच्याकडे ज्यांनी ९०-९५ साली विकली त्यांची पोरं आज त्याच जागेवर झालेल्या बंगल्यात माळी आहेत. गेट उघडायला तेच जातात.

मेढ्याची_लेक

आणि विकणं इतकं सोपंही नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इकोसेन्सिटिव्ह, म्हणजे बांधकामावर निर्बंध, कोयनेकडे अभयारण्य, २०१० पासून व्याघ्र प्रकल्प. सातबाऱ्यावर पंचवीस नावं, त्यातली दहा मुंबईत, तीन वारलेली. आधी वारसनोंदी करा, मग भाव विचारा.

कोयनाकाठ

@मेढ्याची_लेक ताई, वाईट अजिबात वाटलं नाही. बाबांना वाचून दाखवलं, "मुख्य उद्योग तुमचे बाबाच" या वाक्याला खूप हसले आणि मग बराच वेळ गप्प बसले. नंतर सांगत होते की गावकीच्या खोलीत मशीद बंदरला बावीस माणसं राहायची, पाळीपाळीने झोपायची, आणि पहिल्या पगारातून घरी पाठवले ते पैसे आजोबांनी खर्चच केले नाहीत, कौलात ठेवले होते. सातबाऱ्यावर आमच्या सतरा नावं आहेत, पंचवीस नाहीत, म्हणजे आम्ही नशीबवान.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. आमच्या शिवारावरून अडवलेलं पाणी डोंगरातून पलीकडे पोफळीला जातं, तिथे वीज होते, ती वीज मुंबईला जाते आणि माणसंही मुंबईलाच जातात. आमच्या चुलत्यांच्या घरी मात्र पावसाळ्यात आठ-आठ दिवस लाइट नाही. असो, राग काढायला धागा काढला नव्हता.

मधमाशांचं कोणीच बोललं नाही?

सातेरीवाले_काका

मी बोलतो. जरा उशीर झाला, टायपिंग हळू आहे, नातवाने मराठी कीबोर्ड लावून दिलाय.

मध हा इथला सगळ्यात जुना जोडधंदा. लक्षात ठेवा, जोडधंदा म्हणतोय. खादी ग्रामोद्योगचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, मी ट्रेनिंग तिथेच घेतलं, फार वर्षांपूर्वी. मे २०२२ मध्ये मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून मला रोज कोणीतरी फोन करतो की काका पेट्या कुठे मिळतील. पेट्या मिळतील हो, माशा सांभाळायचं काय?

इथली माशी सातेरी. आग्या माशी पेटीत राहत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका. सातेरीची वसाहत झाडाच्या ढोलीतून, दगडी बांधातून काढून पेटीत आणायची. धूर हलका द्यायचा, राणी सापडली की काम झालं, राणी गेली तर बाकीच्या येतात मागून. पेटीचा स्टँड असतो त्याचे चार पाय पाण्याच्या वाटीत, नाहीतर मुंग्या चढतात. वाटीतलं पाणी उन्हाळ्यात आटतं, रोज बघायचं. एकदा लग्नाला तीन दिवस गेलो, शेजाऱ्याला सांगितलं होतं, तो विसरला, आलो तर दोन पेट्या मुंग्यांनी साफ केलेल्या. तेव्हापासून मी लग्नाला एका दिवसात जाऊन येतो.

फुलोरा मुख्य मार्च ते मे. जांभूळ, हिरडा, गेळा. जांभळाचा मध गडद आणि थोडा कडसर, ओळखणारा लगेच ओळखतो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्या साली पेट्या ओसंडून वाहतात, जाड मध. तुम्ही म्हणताय तुमच्या वरकसात कारवी माजली आहे, तर माझ्या दृष्टीने ते रान वाया गेलेलं नाही. उलट जांभूळ-हिरड्याची झाडं आहेत का ते आधी बघा आणि असतील तर तोडू देऊ नका.

आता खरी गोष्ट. चांगल्या साली मला पेटीमागे सात-आठ किलो मिळतो, वाईट साली दोन किलो. पावसाळ्याचे चार महिने माशांना काही मिळत नाही, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, दर आठवड्याला, भर पावसात पेटी जास्त न उघडता. मेणपतंग लागतो, गांधीलमाशी दारात बसून एकेक माशी उचलते. सगळं बघावं लागतं. मुंबईत बसून शनिवार-रविवारची मधमाशी होत नाही. पंचवीस पेट्यांवर घर चालत नाही, पण पोराची फी निघते. मी रिटायर होईपर्यंत एसटीत होतो, पगार एसटीचा आणि मध सणासुदीचा, असं चाललं. आमच्याकडे कुठल्याही घरात बघा, एका धंद्यावर चूल पेटत नाही. एक भाऊ टॅक्सीवर, एक मुंबईत, आई बाजारात तुती आणि गाजरं घेऊन बसते, बापाच्या चार पेट्या, सुनेचं शिवणयंत्र. यातलं एक काढलं तरी घर कलंडतं.

आणि मध विकायची चिंता करू नका, चांगला मध विकला जातो. चिंता साखरेचा पाक 'महाबळेश्वरचा शुद्ध मध' म्हणून रस्त्याकडेला विकणाऱ्यांची आहे, त्यांच्यामुळे आमच्या बाटलीकडे पण लोक संशयाने बघतात. काडी पेटवून बघू का विचारतात. पेटवा म्हणतो, काडीने काही कळत नाही.

पाचगणी_टॅक्सी

काका एक नंबर. एका धंद्यावर चूल नाही हे अगदी खरं, मी टॅक्सी चालवतो, पावसाळ्यात वाईला गॅरेजमध्ये जातो, आणि घरामागे दहा गुंठे स्ट्रॉबेरी आहेच. बायको म्हणते तुमचं व्हिजिटिंग कार्ड छापायचं तर दोन्ही बाजू पुरणार नाहीत.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. काका, तुमची पोस्ट बाबांनी स्वतः मोबाईल हातात घेऊन वाचली, चष्मा लावून, दोनदा. मग म्हणाले, "पावसाळ्यात पाक कोण घालणार? तुझी बायको?" मी म्हटलं मी. म्हणाले, "तू जूनमध्ये एकदा आठ दिवस गावाला राहून दाखव, मग बोलू." मी गेल्या पंधरा वर्षांत जूनमध्ये गावाला गेलेलोच नाही हे तेव्हा लक्षात आलं. आम्ही सगळे मे संपला की परत.

तर सध्या ठरवलंय ते असं: नोकरी सोडत नाही. मे महिन्यात चुलत्यांच्या मदतीने दोनच पेट्या ठेवायच्या, जूनमध्ये मी पंधरा दिवस सुट्टी टाकून तिथेच राहणार. तोपर्यंत वारसनोंदीचं बघतो, सतरापैकी चार सह्या मिळतील असं वाटतंय. होमस्टेचं ताई म्हणाल्या तसं, आधी संडास.

काका, ट्रेनिंगची चौकशी कुठे करू, आणि माझ्यासारख्या भित्र्या माणसाला चालेल का? लहानपणी एकदा आग्या माशा चावल्यात, अजून गुणगुण ऐकली तरी दचकतो.

सातेरीवाले_काका

संचालनालयात जाऊन विचारा, महाबळेश्वरात कोणीही रस्ता दाखवेल. भित्रा माणूस चांगला, तो पेटी हळू उघडतो. येताना गडद कपडे घालू नका आणि सेंट मारू नका.

भिलारकडचा_गडी

@कोयनाकाठ त्याआधी ह्या शनिवारी माझ्याकडे ये. तोडणी चालू आहे, पहाटे साडेपाचला शेतात असतो, बाबांना पण घेऊन ये, बॉक्स कसा भरतात ते बघतील, इतकी वर्षं नुसता उतरवलाच असेल. थंडी आहे, कानटोपी आण. नाश्त्याला बायको भाकरी आणि घेवड्याची आमटी करते, स्ट्रॉबेरी आमच्या घरात कोणी खात नाही.